विजयदुर्ग ते रेडी : खाड्यांच्या काठाने

सिंधुदुर्ग जिल्ह्याचा किनारा सुमारे 120 किलोमीटरचा आहे. नकाशा पाहिला तर दुचाकीवर तो अर्ध्या दिवसात संपेल असे वाटते. प्रत्यक्षात वाघोटण, देवगड, आचरा, कालावल, कर्ली आणि तेरेखोल अशा एकामागून एक येणाऱ्या खाड्यांनी तो जागोजागी तोडलेला आहे आणि प्रत्येक खाडीपाशी रस्ता समुद्र सोडून आत वळतो, पूल गाठतो आणि पुन्हा पश्चिमेकडे येतो. डिसेंबरात मी आणि माझा कॉलेजपासूनचा मित्र एकाच मोटरसायकलवरून हा किनारा उत्तरेकडून दक्षिणेकडे उतरलो. हॉटेले टाळून लोकांच्या घरी मुक्काम करायचा, जेवणही शक्यतो तिथेच घ्यायचे आणि पेट्रोल धरून दोघांचा मिळून दिवसाचा खर्च दोन हजारांच्या आत ठेवायचा, असे निघण्यापूर्वीच ठरवले होते. बेत किल्ले आणि समुद्र पाहण्याचा होता, पण मनात घर केले ते खाड्यांनी.

पहिला दिवस : कोल्हापूर ते विजयदुर्ग

पहाटे कोल्हापूर सोडले तेव्हा रंकाळ्यावर धुके होते. गगनबावड्यापर्यंतचा रस्ता उसाच्या ट्रॉल्यांमागे हळूहळू सरकण्यात गेला. गगनबावड्याला रस्त्याला दोन फाटे फुटतात, एक करूळ घाटाने उतरतो आणि दुसरा भुईबावडा घाटाने. आम्ही भुईबावडा घाट घेतला, कारण तो अरुंद असला तरी त्यावर रहदारी कमी असते आणि मनाला येईल तिथे थांबता येते. घाटमाथ्यावर स्वेटर घालूनही कुडकुडायला होत होते. तळाशी पोहोचेपर्यंत अंगातले सगळे काढून सॅकमध्ये भरावे लागले.

खारेपाटणला चहासाठी थांबलो. मुंबई–गोवा महामार्गावरून जाणाऱ्यांना हे एक साधे बाजाराचे गाव वाटते. समुद्रापासून सुमारे 40 किलोमीटर आत असलेले हे गाव एके काळी बंदर होते आणि विजयदुर्गच्या खाडीतून गलबते इथपर्यंत येत. शिलाहार राजा रट्टराज याचा शके 930, म्हणजे इ.स. 1008 चा ताम्रपट इथेच सापडला. पुलावरून खाली पाहिले तर आज गाळ आणि उथळ पाणी दिसते. या पाण्यावर व्यापार चालत होता, हे एकदा कळले की कोकणचा नकाशा उलट्या बाजूने वाचता येऊ लागतो, कारण इथे आधी खाडीची वाट होती आणि रस्ते पुष्कळ नंतर आले.

तळेऱ्याला महामार्ग सोडून सुमारे 50 किलोमीटर पश्चिमेला गेलो आणि दुपारी विजयदुर्ग गाठला. तिहेरी तटबंदीचा हा किल्ला वाघोटण खाडीच्या मुखावर उभा आहे. पूर्वी तो घेरिया या नावाने ओळखला जाई. 1756 मध्ये तुळाजी आंग्रे यांच्याविरुद्ध इंग्रज आणि पेशवे एकत्र आले आणि त्या लढाईत आंग्र्यांचे आरमार इथेच आगीत जळाले. किल्ल्यात 'साहेबाचे ओटे' दाखवतात आणि 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास सूर्यग्रहणात हेलियमचा शोध याच ओट्यांवरून लागला, असे अभिमानाने सांगतात. त्या दिवशी सूर्याच्या वर्णपटात अनोळखी पिवळी रेषा दिसली, हे खरेच आहे; परंतु या शोधाचे श्रेय ज्यांना दिले जाते त्यांपैकी फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन तेव्हा गुंटूरला होता आणि इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकयरने आपले निरीक्षण त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात इंग्लंडमधून केले. मला वाटते, विजयदुर्गाला या श्रेयाची गरजही नाही. खाडीत थोडे आत खडकात खोदलेली मराठी आरमाराची गोदी आहे, तिथे उभे राहून जहाज आत घेणे आणि दुरुस्तीसाठी कोरडे ठेवणे हे सगळे भरती-ओहोटीच्या जोरावर कसे साधले असेल याचा विचार केला, तर हा किल्ला पुरेसा मोठा वाटतो.

संध्याकाळी जेटीवर एक वयस्क तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, जाळे शिवत बसले होते. भरतीची वेळ कशी ओळखायची, असे मित्राने विचारताच त्यांनी मान वर न करताच सांगितले, "तिथी तीनान गुणायची, चारान भागायची, की भरतीची येळ गावता." अष्टमी असेल तर आठ त्रिक चोवीस, भागिले चार, म्हणजे सहाच्या सुमारास पूर्ण भरती. त्या दिवशी अष्टमीच होती आणि सहाच्या सुमारास पाणी जेटीच्या पायऱ्यांवर चढलेले होते. पुढच्या सबंध प्रवासात आम्हाला मोबाइलपेक्षा या हिशेबाचा उपयोग अधिक झाला. किनाऱ्यावर फिरणाऱ्याने हा हिशेब पाठ करून ठेवावा आणि ज्या घरी मुक्काम असेल त्या घरच्या कालनिर्णयावर रोजची तिथी पाहावी.

रात्री ज्यांच्या घरी उतरलो त्या मावशींनी बांगड्याचे तिखले केले होते. तिरफळे ठेचून घातलेली होती. पहिल्या घासाला जिभेला किंचित बधिरपणा येतो आणि मग माशाची चव उघडत जाते. मित्र घाटावरचा असल्यामुळे त्याने अख्खे तिरफळ चावले. मावशींनी शांतपणे सोलकढीची वाटी पुढे सरकवली आणि म्हणाल्या, "बी खावची नाय, वास घेवचो."

दुसरा दिवस : गिर्ये, देवगड, मिठबाव

सकाळी गिर्ये येथील रामेश्वराला गेलो. जांभा दगड कापून केलेल्या वाटेने खाली उतरावे लागते आणि दोन्ही बाजूंच्या उभ्या लाल भिंतींमुळे देऊळ शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. मराठी आरमाराचे सुभेदार आनंदराव धुळप यांची समाधी याच परिसरात आहे. तिथून वाडा गावच्या विमलेश्वराला गेलो. तेही जांभ्यात कोरलेले आहे, दर्शनी बाजूला हत्ती आहेत आणि आतल्या गारव्यात वटवाघळांचा वास भरून राहिलेला असतो. ही दोन्ही देवळे सकाळच्या वेळी पाहावीत, कारण त्यांच्या आवारात तेव्हा क्वचितच कोणी असते.

वाडातरच्या खाडीअलीकडे क्लचची वायर तुटली. सडा, म्हणजे कातळाचे पठार, उघडा, सावली नाही आणि नेटवर्कही नाही, अशा जागी तासभर गाडी ढकलत गेलो. शेवटी एका आंब्याच्या बागेच्या फाटकापाशी राखणीचा नेपाळी गडी भेटला. देवगड परिसरातील बागांमध्ये नेपाळहून आलेले असे अनेकजण राखण करतात. याच्या खोपटात पाणी, बिस्किटे आणि एक सायकलची पेटी होती. त्या पेटीतल्या पकडीने आणि तारेच्या तुकड्याने त्याने देवगडपर्यंत पोहोचण्याइतकी सोय करून दिली आणि पैसे घ्यायला ठाम नकार दिला. क्लच आणि ॲक्सिलरेटरची एकेक जादा वायर जवळ असू द्यावी. ती फार महाग नसते आणि या सड्यांवर गॅरेज शोधण्यात अर्धा दिवस जातो.

खोळंबा झाला तरी त्यामुळे बाग नीट पाहायला मिळाली. देवगडची हापूस कलमे बऱ्याच ठिकाणी उघड्या कातळात खड्डे फोडून आणि त्यांत बाहेरून आणलेली माती भरून लावलेली आहेत. त्या दिवसांत काही कलमांना मोहोर फुटू लागला होता आणि बाकीची अजून पालवीतच होती. मोहोराचा तुरा जवळून पाहिला तेव्हा कोवळ्या देठांवर तुडतुडे दिसले. थंडी टिकली तर मोहोर धरतो, ढग आले तर कीड वाढते, म्हणून या दिवसांत इथला बागायतदार उठताच आधी आभाळाकडे पाहतो. 2018 मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले, पण झाडाखाली उभे असताना आम्हाला ऐकू आली ती फवारणीच्या खर्चाची आणि मजुरांच्या टंचाईची काळजी.

देवगडला गाडी दुरुस्त करून तारामुंबरी–मिठमुंबरी पुलावरून कुणकेश्वरला गेलो. हा पूल होण्यापूर्वी याच टप्प्यासाठी खाडीला मोठा वळसा घालावा लागे. पूल झाल्याने गावकऱ्यांची किती सोय झाली, हे शाळेतून चालत घरी निघालेल्या मुलांच्या घोळक्यावरूनच कळत होते. कुणकेश्वराच्या देवळापाशी समुद्र अगदी पायरीशी येतो. दर्शन घेऊन आम्ही मिठबावला मुक्कामी गेलो. रात्री कुळथाची पिठी, उकड्या तांदळाचा भात आणि भाजलेला सुका बांगडा एवढेच जेवण होते. दिवसभर गाडी ढकलल्यावर त्याहून चांगले जेवण मला सुचत नाही.

तिसरा दिवस : आचरा, तळाशील, मालवण

या दिवसासाठी आम्ही मुद्दाम लवकर उठलो. मुणगे मागे टाकून आचऱ्याला पोहोचलो तेव्हा रामेश्वराच्या देवळात नुकती पूजा चालू होती. आचरा हे गावपळणीचे गाव आहे. काही वर्षांच्या अंतराने, देवाचा कौल झाला की अख्खे गाव गुराढोरांसह वेशीबाहेर जाते आणि तीन दिवस, तीन रात्री घरे रिकामी राहतात. देवळाबाहेर भेटलेल्या एका शिक्षकांनी त्या दिवसांचे वर्णन करताना भुताखेतांच्या गोष्टींपेक्षा झोपड्यांमधल्या भजनांची आणि एरवी न बोलणाऱ्या भावकीच्या एकत्र जेवणाची आठवण अधिक सांगितली.

आचऱ्याहून तोंडवळीमार्गे तळाशीलला जाणारा रस्ता वाळूच्या एका लांब, अरुंद पट्टीवरून जातो. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला कालावलची खाडी आणि मध्ये माडांखाली घरे. पट्टीच्या काही भागांत तर घराच्या पुढच्या दारातून समुद्र आणि मागच्या दारातून खाडी दिसते.

तिथे रापण ओढणे चालू होते. होडीने समुद्रात अर्धवर्तुळाकार सोडलेल्या लांबलचक जाळ्याच्या दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर असतात आणि दोन्हीकडे माणसांच्या रांगा ते ओढत हळूहळू एकमेकींकडे सरकतात. आम्ही विचारून एका दोराला हात लावला. ओढ हातांनी घ्यायची नसते. दोर कमरेशी धरून मागे रेलत, टाच वाळूत रुतवत पावलापावलाने मागे जायचे असते आणि पुढच्याने हाक दिली की सगळ्यांनी एकदम. पहिल्या पंधरा मिनिटांतच तळहात लाल झाले. जवळजवळ दोन तासांनी जाळ्याचा मधला भाग उथळ पाण्यात आला तेव्हा घारी खाली उतरू लागल्या आणि टोपल्या घेतलेल्या बायका पुढे सरसावल्या. आत बहुतेक पेडवे होते, थोडे बांगडे, काही कुर्ल्या आणि बाकी शेवाळ. एवढ्या माणसांच्या मेहनतीला ती मासळी फारच थोडी होती. वाळूवरच वाटे पडले. दोराला हात लावणाऱ्या आम्हा पाहुण्यांनाही मूठभर पेडवे मिळाले आणि ते नाकारणे वाईट दिसते, असे शेजारच्या माणसाने हळूच सांगितले.

पर्ससीन जाळी, म्हणजे माशांचा अख्खा थवा घेरणारी मोठी जाळी, आणि प्रखर दिवे लावून होणारी मासेमारी यांविषयी इथे सगळेच बोलतात. 2016 मध्ये राज्य सरकारने पर्ससीन मासेमारीवर निर्बंध घातले, पण रापणीच्या दोरावर उभे राहून ऐकले की हा प्रश्न किती रोजचा आहे हे समजते. जाळे किनाऱ्याजवळच टाकायचे असेल, तर मासा किनाऱ्याजवळ यायला हवा, एवढे साधे ते गणित आहे. पर्यटकांनी किनाऱ्यावरच्या घरी जेवताना मोठ्या पापलेटचा हट्ट धरण्याऐवजी त्या दिवशी रापणीला जे लागले असेल ते मागावे, असे मला मनापासून सांगावेसे वाटते. ते ताजे असते, स्वस्त असते आणि पैसा थेट त्याच वाळूवर राहतो.

तळाशीलच्या टोकाला गड नदी समुद्राला मिळते. समोरच्या काठावर सर्जेकोट इतके जवळ आहे की तिथल्या होड्यांचे रंग दिसतात, पण रस्त्याने तिथे जायचे तर परत आचऱ्याच्या बाजूला जाऊन, कालावलचा पूल ओलांडून तासाभराचा फेरा पडतो. होडीवाल्या काकांनी गाडीकडे एकदा पाहिले आणि म्हणाले, "गाडी होडयेतसून जावची नाय. एकान फिरान येवा, दुसऱ्यान होडयेत बसा." मित्राने गाडी घेतली, मी होडीत बसलो. सोबत शिवणाचे कापड घेऊन निघालेली एक बाई, गॅसची रिकामी टाकी आणि दोन शाळकरी मुली होत्या. दशमी होती, म्हणजे साडेसातला भरून गेलेली खाडी आता वेगाने रिकामी होत होती. काकांनी होडी समोरच्या धक्क्याच्या दिशेने न नेता बरीच वर, प्रवाहाच्या उलट नेली आणि मग पाण्याला सोडून दिली. ओहोटीने तिला तिरकी ढकलत बरोबर धक्क्याशी आणून लावले. सगळा प्रवास दहा मिनिटांत झाला. मग पलीकडच्या काठावर मित्राची वाट पाहत, जाळी दुरुस्त करणाऱ्यांशी बोलत मी सव्वा तास बसलो. खाडीकाठच्या माणसाचे शेजारी म्हणजे पलीकडच्या काठावरचे लोक असतात, त्याच काठावरच्या पुढच्या गावातले नव्हेत, हे त्या वेळात स्पष्ट झाले. बाजार, सोयरिकी, दवाखाना हे सगळे होडीच्या वाटेने जुळलेले आहे. या बाजूला कोणी आले, तर दोघांपैकी एकाने तरी होडीने पार व्हावेच; मात्र निघण्याआधी ओहोटीची वेळ आणि शेवटची होडी किती वाजता आहे, हे विचारून घ्यावे.

मालवणला पोहोचल्यावर मूठभर पेडवे खानावळीच्या मालकिणीला दिले. तिने ते तिखट-मीठ-आमसूल लावून तव्यावर परतून दिले आणि त्याचे पैसे लावले नाहीत.

चौथा दिवस : सिंधुदुर्ग, कर्ली, परुळे

सिंधुदुर्ग किल्ल्याविषयी इतके लिहिले गेले आहे की मी थोडक्यात आटोपतो. 1664 मध्ये कुरटे बेटावर बांधकामाला सुरुवात झाली आणि 1667 मध्ये ते पूर्ण झाले. आत शिवराजेश्वराचे मंदिर आहे आणि चहूकडे खारे पाणी असूनही दूधबाव, दहीबाव व साखरबाव या विहिरींना गोडे पाणी आहे. सकाळच्या पहिल्या होडीने जावे, म्हणजे तटावरून निवांत फिरता येते. पावसाळ्यात या होड्या बंद असतात.

दुपारी नेरूरपारच्या पुलावरून कर्ली ओलांडली आणि परुळ्याच्या बाजूला वळलो. मालवण–तारकर्लीच्या गजबजाटानंतर हा भाग एकदम शांत वाटतो. चिपीचा विमानतळ 2021 मध्ये सुरू झाला असला, तरी त्याच्या कुंपणापासून थोड्या अंतरावर गाडीरस्त्यात बैल बसलेले असतात. ज्या घरी उतरलो तिथल्या आजींची एकादशी होती, त्यामुळे मासळी शिजणार नव्हती. आमच्यासाठी त्यांच्या सुनेने आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याची आमटी केली. जेवताना आजींनीच विचारले, "रात्री जत्रेक येतास मा?"

जत्रा शेजारच्या वाडीतल्या देवळात होती. खाज्याची दुकाने, भजीच्या कढया आणि खेळण्यांचे ठेले ओलांडून सभामंडपात गेलो तेव्हा दशावतारी मंडळी तयारी करत होती. पडद्याआड, उघड्या बल्बखाली एक कलाकार आरशाच्या तुकड्यात पाहून चेहऱ्याला पांढरा रंग लावत होता. दुसरा, साधारण पन्नाशीचा, स्त्रीवेषासाठी नऊवारी नेसत होता आणि त्याच वेळी तिसऱ्याशी शेतातल्या पंपाबद्दल बोलत होता. नाटक सुरू झाल्यावर मात्र याच माणसाने, हातात कोणतीही संहिता नसताना, द्रौपदीच्या तोंडून असा युक्तिवाद केला की मंडपातल्या बायका बोलायच्या थांबल्या. यातले संवाद जागेवर रचले जातात. कथानक ठरलेले असते आणि बाकी सगळे कलाकाराच्या पाठांतरावर आणि हजरजबाबीपणावर चालते. हार्मोनियम, पखवाज आणि झांज एवढ्याच साथीवर रात्र उभी राहते. एक वाजून गेल्यावर थंडी वाढली. आजींनी न मागताच स्वतःजवळची घोंगडी आम्हा दोघांच्या पायांवर टाकली. डिसेंबरात दक्षिण कोकणात असाल, तर मुक्कामाच्या घरी आसपास जत्रा आहे का, हे आवर्जून विचारा.

पाचवा दिवस : निवती, वेंगुर्ला, रेडी

झोप कमी झाली होती, तरी निवतीला उजाडताना पोहोचलो. किल्ल्याच्या पडक्या बुरुजावरून समुद्रात दूरवर वेंगुर्ला रॉक्सचे खडक आणि त्यांवरचे दीपगृह दिसते. त्या बेटांवरच्या गुहांमध्ये पाकोळ्यांची मोठी वसाहत आहे. खाली बंदरात रात्रीच्या होड्या परतत होत्या.

वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत बचत गटातील महिला कांदळवनाची सफर घडवतात. द्वादशीचा हिशेब नऊचा होता आणि आम्ही साडेनऊला होडीत बसलो, म्हणजे पाणी नुकतेच उतरू लागले होते. वल्ही मारणाऱ्या ताईंनी तिवर, चिपी आणि कांदळ ओळखायला शिकवले. कांदळाचे बी झाडावरच रुजते आणि शेवग्याच्या शेंगेसारखे लांब होऊन लोंबत राहते. ओहोटीच्या वेळी खाली पडले तर टोकाने चिखलात उभे रुतते, भरतीत पडले तर तरंगत दुसरीकडे जाते. ताईंनी एक रोप हातात दिले. टोकाला बारीक मुळांची सुरुवात दिसत होती. पाणी उतरले तशी तिवरांची श्वसनमुळे चिखलातून हजारोंनी वर आलेली दिसू लागली आणि त्यांच्यामध्ये खेकड्यांची ये-जा सुरू झाली. या सफरीला दिलेले पैसे मला प्रवासातल्या कोणत्याही खर्चापेक्षा सार्थ वाटले, कारण ज्या खाड्या आम्ही इतके दिवस ओलांडत होतो, त्यांच्या आत काय चालते ते इथे एका तासात दाखवले गेले.

पुढे डचांच्या वखारीचे पडके अवशेष बाहेरून पाहिले. 1930 च्या मिठाच्या सत्याग्रहामुळे नावाजलेल्या शिरोड्याच्या मिठागरांवर काही वेळ थांबलो. रेडीला 1976 मध्ये खाणीत सापडलेल्या द्विभुज गणपतीचे दर्शन घेतले. तेरेखोलचा किल्ला खाडीच्या उत्तर काठावर, म्हणजे आमच्याच बाजूला असूनही गोव्यात मोडतो. तिथून गोव्याची फेरी गाड्यांसह पलीकडच्या केरीला जाते. तिच्यावर चढण्याचा मोह फार झाला, परंतु दुसऱ्या दिवशी दोघांनाही कामावर हजर व्हायचे होते.

सावंतवाडीत खाणे उरकून आंबोली घाटाने वर चढलो. या घाटात डिसेंबरातही संध्याकाळनंतर दाट धुके उतरते, म्हणून उजेड असतानाच चढलेले बरे. खर्च ठरल्यापेक्षा किंचित कमी आला, त्याचे मोठे कारण घरगुती मुक्काम. ते इंटरनेटवर क्वचितच सापडतात. गावातल्या किराणा दुकानात किंवा देवळाजवळ विचारले तर तासाभरात सोय होते, मात्र अंधार पडण्याआधी विचारावे. पेट्रोल देवगड, मालवण आणि वेंगुर्ला इथे भरून घ्यावे, आणि जवळ रोख रक्कम, सुट्ट्या नोटांसह, ठेवावी, कारण होडीत मोबाइलवरून पैसे देण्याइतके नेटवर्क नेहमी असतेच असे नाही.